शिसं

दरवाजा उघडला त्या रात्री मी झोपलो होतो.
हे आधीच सांगून टाकतो,
कारण आता या नगरात जो भेटतो तो
त्या रात्री तटाजवळ जागाच होता म्हणतो.
कुणी शिडी धरली, कुणी बिजागरीत पहार घातली,
कुणी नुसताच खोकला, पण ऐन वेळी.

मला जाग आली ती धुराने.
बंदरालगतची व्हेनिसवाल्यांची आळी पेटलेली,
आणि काठावर माणसं, हाताला लागलं ते घेऊन.
एका बाईच्या कडेवर पाळणा होता,
त्यात तांब्याची भांडी.
मूल मागून चालत होतं.

सत्तावन्न वर्षं फ्रँकांचा अंमल.
माझं वय छप्पन्न.
म्हणजे ज्या कॉन्स्टंटिनोपलसाठी म्हातारे रस्त्यात गुडघे टेकून रडत होते
ते मी पाहिलेलंच नव्हतं.
मी पाहिलं ते असं:
तटाच्या आत कांद्याचे वाफे,
संगमरवरी स्नानगृहात बांधलेल्या शेळ्या,
आणि छपरं.
एकूण एक छप्पर मला पाठ.

मीच सोललीत ती.

दरबारात खडखडाट झाला तेव्हा
फ्रँकांनी राजवाड्याच्या डोक्यावरचं शिसं विकायला काढलं.
मी पत्रा उचकटायचो, वळकटी करायचो, दोराने खाली सोडायचो.
वीस पत्र्यांमागे एक नाणं,
तेही निम्मं तांबं.
हिवाळा सरताना बर्फ वितळलं की
आत भिंतीवरच्या कुणा जुन्या राणीच्या चेहऱ्यावरून
पाणी ओघळायचं, बरोब्बर डोळ्यांपासून.
खाली वाकून बघायचं नाही,
हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

माझ्या हाताखाली मारीनो.
बाप व्हेनिसचा, दोर वळणारा. आई इथली, कासियानी.
बाप त्या रात्री गलबतावर चढला.
गलबतावर माणसं फार, पाणी थोडं.
पुढचं कुणी सांगत नाही, आम्हीही विचारत नाही.
सकाळी कासियानीने पोराच्या नावाला एक स लावला.
मारीनोस.
चौदा वर्षांचं पोर एका अक्षराने आपल्यातलं झालं.
हाक मारली की अजून
पहिल्या अर्ध्या नावालाच वळून बघतो.

मग ऑगस्टात सम्राट आला.
पायी आला म्हणतात, देवमातेच्या तसबिरीमागून.
मला दिसला नाही,
माझ्यापुढे एक उंच खाटीक उभा होता.

त्यानंतर आठवड्याने निकीयाहून आलेला कारकून
दारात हजर. भाषा स्वच्छ, जोडे त्याहून स्वच्छ.
'छपरांची माहिती कुणाला?'
सगळ्या आळीने माझ्याकडे बोट केलं.
मानेला दोर लागल्यासारखं वाटलं मला.

'किती पत्रे लागतील?'
'चार हजार दोनशे अकरा.'
'इतकं नेमकं?'
'मोजलेत.'
'कधी?'

घशात थुंकी नव्हती. म्हटलं, 'काढताना.'

त्याने माझ्याकडे पाहिलं,
मग आभाळाकडे, जिथे छप्पर असायला हवं होतं,
मग कागदावर बारीक अक्षरात लिहिलं:
अनुभवी.

आता रोज वर असतो.
नवं शिसं मऊ असतं, अंगठ्याची खूण घेतं,
आणि उन्हात इतकं चमकतं की चोरावंसं वाटतं.
खालून भजनाचे सूर येतात, कुणी चुना कालवतं,
कुणी भांडतं की हे घर माझ्या आजोबाचं,
आणि दुसरा म्हणतो, मग सत्तावन्न वर्षं झाडलं कुणी?

जुन्या खिळ्यांची भोकं लाकडात तशीच आहेत.
पोराने काल त्यातच खिळा ठोकला.
सैल बसला, बोटाने निघाला.
तो समुद्राकडे बघत होता, मी काही बोललो नाही.
थोड्या वेळाने सांगितलं,
ते भोक सोड, मारीनो.
बोटभर बाजूला ठोक.